विलायतेचा १९४७ चा हिवाळा आणि कोळशाची बेगमी

या दिवसांत आपल्या गच्च्यांवर आणि अंगणांत काय वाळत पडलेले असते ते सांगावयास नको. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, चिंच. कोकणातली माणसे याला आगोटीची बेगमी म्हणतात. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल की तिसऱ्या, हे घरातल्या बाईला माहीत नसते. डबे किती भरले आहेत आणि घरात खाणारी तोंडे किती आहेत, एवढे मात्र तिला पक्के माहीत असते. पाऊस केव्हा येणार हा एक प्रश्न; तो आला तर घरात काय शिल्लक आहे हा अगदी दुसरा. पहिल्याचे उत्तर आकाशात असते, दुसऱ्याचे फडताळात.

शास्त्रात, उद्योगात आणि राज्यकारभारात पुढारलेल्या एका देशाने या दोन प्रश्नांची गल्लत केली आणि ऐन कडाक्याच्या थंडीत कारखाने बंद करून सारा देश काळोखात बसला. त्या देशाचे नाव ब्रिटन आणि साल १९४७. वैशाखाच्या उकाड्यात बर्फाची हकीकत ऐकताना कोणास थोडा गारवा वाटला तर तेवढाच लाभ. पण आम्ही हा विषय घेतला तो त्यासाठी नव्हे. त्या वेळी ब्रिटनमध्ये जे सरकार होते ते कामगारांचे होते. ज्यांच्या हातून चूक झाली ती माणसे आमच्या जातीची, म्हणजे कामगार-चळवळीतून वर आलेली होती. आपल्या माणसांची चूक झाकून ठेवण्याची आमच्याकडे फार वाईट खोड आहे. तेव्हा ही चूक उघडून पाहावी असे आम्हांस वाटले.

१९४५ च्या जुलैत ब्रिटनमध्ये निवडणूक झाली आणि युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिल यांचा हुजूरपक्ष साफ आपटला. क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळातील काही माणसे पाहा. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन अकराव्या वर्षी शाळा सोडून शेतावर राबले होते. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरले होते. आणि ज्यांच्याशी आज आपल्याला विशेष काम आहे ते इंधन व वीज खात्याचे मंत्री इमॅन्युएल शिनवेल हे एका गरीब शिंप्याचे चिरंजीव. अकराव्या वर्षी त्यांचीही शाळा सुटली. पुढचे शिक्षण ग्लासगोच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. १९१९ साली ग्लासगोत आठवड्याला चाळीस तासांच्या कामासाठी मोठा संप झाला, त्यात शिनवेल यांना पाच महिन्यांची कैद झाली. पुढे १९३५ मध्ये ते डरहॅम परगण्यातील सीहॅम या खाणकामगारांच्या मतदारसंघातून पार्लमेंटात गेले. असा माणूस देशाच्या कोळशाचा मंत्री व्हावा, ही गोष्ट वाचनालयातच शिकलेल्या आमच्यासारख्यांची छाती फुगविणारी आहे. म्हणूनच पुढची हकीकत सांगताना जीभ थोडी जड होते.

त्या काळी ब्रिटनचे सारे जीवन कोळशावर चाले. जवळजवळ सगळी वीज कोळशाची, रेल्वेचे इंजिन कोळशाचे, स्वयंपाकाचा गॅस कोळशातून काढलेला आणि घराघरांतील शेकोटीतही कोळसाच. देशाच्या पोटात कोळशाचे थर भरपूर होते. कमी होती ती काढणारी माणसे. १९१३ साली ब्रिटनने २८ कोटी ७० लाख टन कोळसा काढला होता आणि खाणींत अकरा लाखांवर माणसे होती. १९४६ साली उत्पादन सुमारे १९ कोटी टनांवर आले होते आणि कामगार उरले होते सुमारे सात लाख.

माणसे का गेली? खाणीत उतरायला तरुण तयार नव्हते, आणि त्याचे कारण त्यांच्या घरांतच होते. १९२६ साली मालकांनी मजुरी कमी आणि तास जास्त अशी अट घालून खाणींना टाळे लावले. इतर कामगारांनी पाठिंब्यासाठी केलेला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला. खाणकामगार मात्र एकटे सहा-सात महिने उपाशी झगडले आणि अखेर मालकांच्याच अटींवर खाली उतरले. ज्या बापाने ते दिवस काढले तो आपल्या मुलाला खाणीत जा असे कशाला सांगेल? युद्धात तर पाळी अशी आली की सैन्यात जाणाऱ्या तरुणांतून चिठ्ठ्या काढून काहींना बळेच खाणीत पाठवावे लागले. अशी सुमारे ४८,००० मुले गेली. ही योजना बेव्हिन यांची, म्हणून लोक त्यांना बेव्हिनची पोरे म्हणत. वीस वर्षांपूर्वी मालकांनी जे पेरले ते असे उगवले. कोळशाच्या टंचाईची चर्चा करताना विलायतेतील पुष्कळ लेखक हा धागा विसरतात, म्हणून तो आम्ही येथे मुद्दाम ओढून धरला.

मजूर सरकारने कोळसाधंद्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९४६ मध्ये केला. सुमारे आठशे कंपन्यांच्या खाणी सरकारने घेतल्या आणि त्यांना एकूण १६ कोटी पौंडांहून अधिक मोबदला ठरला. १ जानेवारी १९४७ रोजी खाणीखाणींवर नवे निशाण चढले. यापुढे ही खाण जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवील, अशा आशयाच्या पाट्या दारांवर लागल्या. म्हातारे खाणकामगार आपल्या सुनानातवंडांसह तो सोहळा पाहायला थंडीत उभे राहिले. ज्यांनी बापजाद्यांपासून मालकाचे तोंड पाहिले त्यांना ती पाटी वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना ज्यांनी कधी पाळीचे काम केले आहे त्यांना येईल.

पण समारंभाने वखार भरत नाही. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर वीजकेंद्रांजवळ साधारण दहा-बारा आठवडे पुरेल इतका कोळसा असावयास हवा होता. तो सुमारे चार आठवड्यांचा होता. हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. ॲटली यांच्या कचेरीत काम करणारे डग्लस जे नावाचे एक तरुण अर्थशास्त्री होते. १९४६ च्या उन्हाळ्यातच त्यांनी साधी वजाबाकी करून दाखविली होती की, इतका निघतो, इतका जळतो, तेव्हा हिवाळ्यात खाते उणे होणार. मंत्रिमंडळात त्यावर वारंवार बोलणे झाले. शिनवेल प्रत्येक वेळी धीर देत राहिले. राष्ट्रीयीकरण झाले की कामगार नव्या उमेदीने कोळसा काढील आणि तूट भरून निघेल, हा त्यांचा भरवसा.

येथे शिनवेल यांची बाजूही मांडली पाहिजे. कोळशाची कपात आधीच जाहीर केली असती तर कारखाने मंदावले असते, आणि ब्रिटनला तर परदेशी माल विकून कर्ज फेडायचे होते. ३७५ कोटी डॉलरचे अमेरिकन कर्ज त्याच वर्षी उचललेले होते. युद्ध संपून दीड वर्ष झाले तरी लोकांच्या मागची रेशनची रांग सुटली नव्हती. जी रोटी युद्धातही कधी रेशनवर नव्हती ती १९४६ च्या जुलैपासून रेशनवर आली होती. अशा लोकांना आणखी एक कपात सांगायला कोणत्या मंत्र्याची जीभ रेटेल? शिवाय आमचा एक तर्क आहे. ज्याने सारी उमर मालकांच्या तोंडून आकडे ऐकले, आकड्यांच्या जोरावर मजुरी कापली जाताना पाहिली, त्याचा आकड्यांवरच राग बसतो. पगारवाढ मागितली की ताळेबंद पुढे येतो, हे आम्हीही अनुभवले आहे. कचेरीतला विद्वान आकडे घेऊन आला की तो मालकाचाच माणूस वाटू लागतो. शिनवेल यांना जे यांचे आकडे असेच वाटले असावेत. पण आकडा कोणाच्या तोंडून येतो यावरून तो खरा किंवा खोटा ठरत नाही.

आणखी एक बारीक कारण होते आणि ते फार शिकण्यासारखे आहे. घरगुती कोळसा रेशनवर होता. वीज रेशनवर नव्हती. तेव्हा लोकांनी विजेच्या शेगड्या विकत घेतल्या आणि शेकोटी बंद ठेवून बटण दाबले. घरात जो कोळसा वाचला तो वीजकेंद्राच्या भट्टीत जळाला. सरकारने घराच्या पुढच्या दाराला कुलूप लावले आणि मागचे सताड उघडे ठेवले.

आता आभाळाकडे वळू. त्या काळी हवामानखात्याला एकदोन दिवसांपलीकडचे खात्रीने सांगता येत नसे. आज आठ-दहा दिवस आधी थंडीच्या लाटेची चाहूल लागते. तेव्हा ती सोय नव्हती. आणि १९४७ चा जानेवारी तर फारच फसवा निघाला. महिन्याच्या आरंभी थोडे बर्फ पडून गेले आणि १६ तारखेच्या सुमारास काही ठिकाणी पारा १४ अंशांपर्यंत चढला. विलायतेच्या मानाने हा वसंतच. हिवाळा सरला, निभावले, असे पुष्कळांना वाटले असेल.

एरवी ब्रिटनवर पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून वारा येतो. समुद्र उबदार, म्हणून वाराही ओला आणि सौम्य. त्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेला स्कँडिनेव्हियाच्या बाजूस जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला. त्याने पश्चिमेची वाट अडविली आणि पूर्वेचा, रशियाच्या गोठलेल्या मैदानांवरून येणारा वारा इंग्लंडवर सोडला. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत, म्हणजे सलग ५५ दिवस, ब्रिटनमध्ये कोठे ना कोठे रोज बर्फ पडले. लंडनजवळ क्यू येथील वेधशाळेत २ फेब्रुवारीपासून २२ तारखेपर्यंत सूर्यदर्शन झाले नाही. बेडफर्डशायरमधील वोबर्न येथे २५ फेब्रुवारीला पारा शून्याखाली २१ अंशांवर गेला. गंमत अशी की, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे बारा महिने पाऊस, तेथे त्या फेब्रुवारीत कोरडी हवा आणि लख्ख ऊन होते. डोंगरांच्या आड पूर्वेचा वारा कोरडा होऊन पोचत होता.

थंडीने पहिला घाव घातला तो वाहतुकीवर. खाणीच्या तोंडाशी कोळसा होता, पण तो वीजकेंद्रापर्यंत जाईना. रुळांवर दहा-पंधरा फूट उंच बर्फाचे ढीग साचले. वाघिणींत भरलेला कोळसा ओला होता, तो गोठून दगडासारखा एकसंध झाला. पहारीने फोडल्याशिवाय खाली पडेना. टाइन नदीच्या मुखातून लंडनला कोळसा नेणारी गलबते वादळात आणि बर्फात बंदरात अडकली. सैनिक, पोलिश शिपाई आणि अजून घरी न गेलेले जर्मन युद्धकैदी यांना फावडी देऊन रुळांवर उतरविले. विमानाची जेट इंजिने वाघिणीवर चढवून त्यांच्या झोताने बर्फ उडविण्याचाही प्रयोग झाला. स्टॅफर्डशायरच्या माळावरील गावे तुटली, तेथे विमानातून अन्न टाकायला गेलेले हॅलिफॅक्स जातीचे विमान १३ फेब्रुवारीस कोसळले आणि आतील आठही माणसे गेली.

७ फेब्रुवारी हा शुक्रवार. त्या दिवशी शिनवेल पार्लमेंटात उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की, सोमवारपासून लंडन, आग्नेय इंग्लंड, मध्य इंग्लंड आणि वायव्य इंग्लंड येथील कारखान्यांना वीज मिळणार नाही. घरांतील वीजही सकाळी तीन तास आणि दुपारी दोन तास बंद राहील. सभागृहाने हे ऐकले तेव्हा मंत्र्यांच्या सहकाऱ्यांपैकीही पुष्कळांना ते नवे होते. काल धीर, आज टाळेबंदी. लोकांना राग आला तो थंडीचा नव्हे, या उडीचा.

सोमवारपासून काय झाले ते डोळ्यांपुढे आणा. कारखान्यांचे पट्टे थांबले. काही दिवसांतच वीस लाखांहून अधिक माणसे बेकारभत्त्याच्या रांगेत उभी राहिली. दुकानांत मेणबत्त्या लावून व्यवहार चालला. कचेऱ्यांत कारकून ओव्हरकोट आणि हातमोजे घालून लिहू लागले. साप्ताहिके दोन आठवडे बंद ठेवावी लागली. नुकताच पुन्हा सुरू झालेला टेलिव्हिजन बंद झाला आणि रेडिओचे कार्यक्रम कापले. बायका मुलांच्या बाबागाड्या घेऊन गॅसच्या कारखान्याच्या दाराशी कोकसाठी उभ्या राहिल्या; त्या गाड्यांत मूल नसे, पोते असे. शेतातले बटाटे जमिनीतच गोठले. डोंगरावरच्या मेंढ्या बर्फाखाली दबल्या. देशातील मेंढ्यांचा सुमारे चौथा हिस्सा त्या हिवाळ्याने नेला.

आणि वर्तमानपत्रांतून बोट दाखविले गेले ते खाणकामगाराकडे. राष्ट्रीयीकरण केले आणि पाहा, महिन्याभरात दिवे गेले! हा कावा आम्हांस परिचयाचा आहे. ज्या कोळशाची तूट होती तो १९४६ मध्ये, खासगी मालकांच्या ताब्यातील खाणींतून निघाला नव्हता. कोळसा मंडळाचे वय तेव्हा अवघे सहा आठवड्यांचे. आणि जो निघाला होता तो बर्फात अडकला होता. पाच दिवसांच्या आठवड्याचा बोभाटा करण्यात आला; पण तो आठवडा सुरू झाला मे महिन्यात, बर्फ वितळून गेल्यावर. खाणीत उतरलेल्या माणसाने त्या हिवाळ्यात आपले काम केले. चुकला तो त्यांचा मंत्री. या दोन वाक्यांपैकी पहिले हुजूरपक्षाच्या लोकांना उच्चारवेना आणि दुसरे मजूरपक्षाच्या. शिनवेल यांना ऑक्टोबर १९४७ मध्ये त्या खात्यावरून हलविण्यात आले आणि ह्यू गेट्स्केल तेथे आले. शिनवेल पुढे एकशे एक वर्षे जगले. तो फेब्रुवारी मात्र त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

याच अंधारातून एक कागद आपल्या देशाकडे आला. २० फेब्रुवारी १९४७ रोजी ॲटली यांनी पार्लमेंटात जाहीर केले की, जून १९४८ पूर्वी ब्रिटन हिंदुस्थानची सत्ता सोडील आणि वेव्हेल यांच्या जागी माउंटबॅटन जातील. त्याच आठवड्यात, १८ तारखेस बेव्हिन यांनी पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपविल्याचे सांगितले, आणि २१ तारखेस ग्रीस व तुर्कस्तान यांचा भार आता आम्हांला झेपत नाही असे अमेरिकेला कळविले. चार दिवसांत साम्राज्याच्या तीन खुंट्या सुटल्या. तेव्हा विलायतेत काही इतिहासकार म्हणतात की, ब्रिटिश साम्राज्य त्या बर्फात गोठून गेले.

वाक्य ऐकायला छान आहे, पण हिंदुस्थानापुरते तरी आम्ही ते मान्य करीत नाही. माउंटबॅटन यांना व्हाइसरॉयपदाबद्दल ॲटली यांनी विचारले ते डिसेंबर १९४६ मध्ये. निघून जाण्याची तारीख जाहीर करावी की काय, हा वादही मंत्रिमंडळात तेव्हाच चालू होता. फेब्रुवारीचा काळोख तेव्हा कोणाच्या स्वप्नात नव्हता. आणि डिसेंबरच्या मागे आणखी एक फेब्रुवारी आहे, तो मुंबईचा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तलवार या नाविक तळावरील खलाशांनी बंड केले. २२ तारखेस त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव बाहेर पडले. लालबाग-परळच्या रस्त्यांवर गोळीबार झाला आणि शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. ज्या सैन्याच्या जोरावर राज्य करावयाचे ते सैन्यच आपले राहिले नाही, हे लंडनला तेव्हा कळले. बर्फाने फार तर दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला जोडे लवकर घालायला लावले. आमच्या माणसांच्या रक्ताचा हिशेब विलायतेच्या हवामानाच्या खात्यावर मांडला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

ब्रिटनच्या तिजोरीवर मात्र त्या हिवाळ्याचा घाव खोल बसला. सुमारे २० कोटी पौंडांची निर्यात बुडाली असा अंदाज केला गेला. जुलैत पौंडाचे डॉलरमध्ये मुक्त रूपांतर करण्याची कर्जाची अट पाळावी लागली. पाच आठवड्यांतच, २० ऑगस्टला, ती सोडून द्यावी लागली. पण ही पुढची गोष्ट. आधी मार्च यायचा होता. कारखान्यांची वीज मध्य इंग्लंडात फेब्रुवारीच्या अखेरीस आणि इतरत्र मार्चच्या आरंभी परत आली. ४ आणि ५ मार्चला हिवाळ्यातील एक अतिभयंकर हिमवादळ झाले आणि १० तारखेपासून बर्फ वितळू लागले. जमीन खोलवर गोठलेली, तेव्हा पाणी मुरेना. ते सरळ नद्यांत गेले. थेम्स, ट्रेंट, सेव्हर्न फुगल्या. पूर्वेकडील सखल फेन प्रदेशात बांध फुटले. लाखावर घरांना पाणी लागले. दोन महिने ज्यांनी कुडकुडत काढले त्यांनी तिसऱ्यात अंथरुणे छपरावर वाळत घातली.

पुढे सोळा वर्षांनी, १९६२-६३ मध्ये, त्याहून मोठा हिवाळा आला. १७४० नंतर इंग्लंडने इतका थंड हिवाळा पाहिला नव्हता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पडलेले बर्फ मार्च उजाडेपर्यंत हलले नाही आणि केंटच्या किनाऱ्यावर समुद्र गोठला. बांधकामे थांबली, बेकारांचा आकडा पावणेनऊ लाखांपर्यंत चढला, विजेची ओढाताण झाली. पण १९४७ सारखे कारखाने काही बंद ठेवावे लागले नाहीत. हवा जास्त वाईट होती आणि वखार जास्त भरलेली होती, एवढाच फरक.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. वखार मोजण्याचा हा धडा कामगारांच्या सरकारने चटके सोसून घेतला; पण तो नीट पाठ केला तो दुसऱ्याच बाजूने. १९७२ च्या जानेवारीत आणि पुन्हा १९७४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या खाणकामगारांनी संप केले, ते ऐन हिवाळ्यात. वीजकेंद्रांची वखार रिती होऊ लागली, दिवे जाऊ लागले आणि दोन्ही वेळा कामगार जिंकले. दुसऱ्या वेळी तर सरकारच गेले. थंडी कामगारांची मैत्रीण झाली होती. १९८१ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने खाणी बंद करण्याचा बेत केला, पण साठा पुरेसा नाही असे दिसताच मुकाट्याने मागे घेतला. आणि मग तीन वर्षे ते सरकार एकच काम करीत राहिले. वीजकेंद्रांच्या आवारांत कोळशाचे डोंगर उभे राहू लागले. १९८४ च्या आरंभी खाणींवर आणि केंद्रांवर मिळून हा साठा पाच कोटी टनांच्या आसपास होता.

हे वाचताना आम्हांस आमचीच एक फजिती आठवते. एका कारखान्यात आम्ही संपाच्या नोटिशीची तयारी करीत होतो. दोन महिने आधीपासून ओव्हरटाइम मागेल त्याला मिळू लागला. पोरे खूश, आम्हीही खूश. मालक नरमला असे आम्हांस वाटले. मालाची चढउतार करणारा एक म्हातारा हमाल एका संध्याकाळी म्हणाला, "भाऊ, गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही." आम्ही त्याला चहा पाजला आणि सभेच्या घाईत ते विसरलो. संप नऊ आठवडे चालला, आणि त्या नऊ आठवड्यांत मालकाचे एकही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले नाही. हमालाने हिशेब केला होता. आम्ही भाषण केले होते.

तर १९८४. ६ मार्चला खाणी बंद करण्याचा बेत पुन्हा जाहीर झाला. काही खाणींचे काम आधीच थांबले होते. १२ मार्चपासून संप देशभर पसरला. म्हणजे केव्हा? हिवाळा संपताना, शेकोट्या विझत असताना, कोळशाचे डोंगर सर्वांत उंच आणि गरज सर्वांत कमी असताना. कामगारांनी मार्च निवडला नव्हता. तो त्यांच्यावर आणला गेला. पण एकदा संपात उतरल्यावर त्यांच्या सभांतून एकच आशा पुन्हा पुन्हा बोलली जाऊ लागली: हिवाळा येऊ द्या. उन्हाळा गेला, शरद गेला. बायकांनी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविली. खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यांवर माणसे आणि मुले घरच्या शेकोटीसाठी कोळशाचे तुकडे वेचू लागली. ज्यांनी देशाला कोळसा पुरविला त्यांच्याच घरांत तो नव्हता. १९४७ मध्ये लंडनच्या बायका ज्या रांगेत उभ्या होत्या, त्या रांगेत आता खाणकामगारांच्या बायका आल्या.

आणि थंडी आली. जानेवारी १९८५ मध्ये पूर्वेचा वारा सुटला, बर्फ पडले, विजेची मागणी वाढली. ज्याची वाट दहा महिने पाहिली ते सारे तंतोतंत आले. दिवे मात्र गेले नाहीत. वीजकेंद्रे आपल्या डोंगरांतून कोळसा उचलीत होती, तेलाच्या भट्ट्या रात्रंदिवस चालत होत्या, आणि नॉटिंगहॅमशायरच्या बहुसंख्य खाणकामगारांनी काम चालूच ठेवले होते. ३ मार्च १९८५ रोजी खाणकामगारांच्या प्रतिनिधींची सभा लंडनमध्ये भरली. ९८ विरुद्ध ९१ मतांनी, कोणताही करार न होता, परत कामावर जाण्याचे ठरले. बाहेर उभी असलेली माणसे रडली.

मंगळवारी, ५ तारखेस, खेड्याखेड्यांतून ती पुन्हा खाणीकडे निघाली. पुढे पितळी वाद्यांचा बँड, मागे युनियनचा रेशमी झेंडा. काही खाणींच्या दरवाज्यांत बायका उभ्या होत्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या कार्नेशनचे एकेक फूल देत होत्या.